हनुवटीपाशी अडकलेला हात

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला टीव्हीवर रोहिदासच्या लेकीचे हात फुटले. फुटले म्हणजे अगदी चौकोन चौकोन झाले. बोटं एकीकडे, मनगट भलतीकडे, मधे हिरवी लादी बसवल्यासारखं काहीतरी. मग चित्र थिजलं, पडदा काळा झाला, पुन्हा हात दिसले, पुन्हा चौकोन. रोहिदासनं रिमोट मांडीवर आपटला. सेल काढून दातांनी चावले, परत घातले. टीव्हीच्या डोक्यावर दोन टपल्या मारल्या. एवढ्यात दहा मिनिटांच्या बातम्या संपल्या आणि खोबरेल तेलाची जाहिरात लागली, तीही फुटतफुटतच.

आता लेक टीव्हीवर कशाला गेली, ते आधी सांगायला हवं. रुतिका बातम्या वाचत नाही. बातम्या वाचणारी बाई मधोमध बसते आणि खाली कोपऱ्यातल्या गोलात रुतिका उभी असते, बहिऱ्या माणसांसाठी तीच बातमी हातांनी सांगते. ही हातांची भाषा ती वाशीला एका वर्गात शिकली, आणि तिथंच तिला शौनक भेटला. शौनक जन्मापासून बहिरा. रबाळ्याला एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढतो. पोरगा दिसायला चांगला, कामाला चोख, दारूला शिवत नाही. तीन वर्षांपूर्वी रुतिका त्याला नेरूळजवळच्या सारसोळे कोळीवाड्यात घरी घेऊन आली, लग्नाचं विचारायला.

अंगणात त्या दिवशी जातीतली दहाबारा माणसं बसलेली. रोहिदासनं काय करावं? जीभ बाहेर काढली, दोन्ही हात हवेत वेडेवाकडे फडफडवले आणि सगळ्यांना विचारलं, "ह्यो मानूस जेवताना मीठ कसा मागनार?" माणसं हसली. माणसांचं काय जातंय हसायला! शौनकला ऐकू येत नव्हतं, पण डोळे होते ना. तो उठला. रुतिकानं त्याचा हात धरला आणि दोघं अंगणातून निघून गेली. पाठीमागून रोहिदास ओरडला, "एकविरा आईची आन, तुजं तोंड बघायचा नाय!"

सारसोळ्यात आण म्हणजे आण. ती गंमत नाही. रोहिदासनं तीन वर्षं लेकीचं तोंड पाहिलं नाही. तिनं शौनकशी लग्न केलं, मुलगी झाली, जाई नाव ठेवलं, त्याची बायको कमळी जाऊन नातीला मांडीवर घेऊन आली, तरी हा घरात भिंतीकडे तोंड करून जाळं शिवत बसला.

पण पाच महिन्यांपूर्वी, वरच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीवर कुस्ती शोधताना बटण चुकलं आणि कोपऱ्यातल्या गोलात ती दिसली. रोहिदासनं झटकन नजर खाली घेतली. खाली घेतली ती थेट तिच्या हातांवर आली. मग त्याच्या डोक्यात आलं की आपण तोंड बघायचं नाही म्हणालो होतो, हात बघायचे नाहीत असं कुठं म्हणालो? त्या दिवसापासून साडेसहा वाजले की "जाली बघून येतो" म्हणून तो माडी चढायचा, दार लोटायचा आणि लेकीचे हात बघत बसायचा. नजर मनगटाच्या वर जाऊ द्यायची नाही. एकविरा आई काही कमी हुशार नाही, पण कायद्यात तर बसत होतं!

हळूहळू त्याला ते हात कळायला लागले. पाऊस, आग, पाणी, रस्ता, बंद, सुरू. एक दिवस तो स्वतःशीच हसला. जन्मभर खाडीत आपण तरी काय केलं? इंजिनाच्या आवाजात एका होडीवरून दुसऱ्या होडीला कोण तोंडानं बोलतंय? जाळं ओढ, थांब, इकडं ये, पाणी फिरलं, सगळं हातानं. आणि आपण त्या पोराला अंगणात हात नाचवून दाखवले. हे मनात आलं तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं. त्या रात्री जेवताना त्यानं मीठ मागितलंच नाही. आमटी अळणी होती, तशीच खाल्ली.

आणि आता हे जावळ. कमळीनं रविवारी जेवायला वाढता वाढता सांगितलं, "येत्या आयतवारी जाईचं जावल हाय. पोरीला मामा नाय. केस कापताना मांडी कोनाची?"

रोहिदासनं आमटीची वाटी पुढं ओढली.

"रुतिका म्हनते, बाबांनी बसावं. पन आधी शौनकशी बोलावं. माज्याशी नको म्हनते, त्याच्याशी."

"बघू," रोहिदास म्हणाला. पण ताटावरून उठता उठता मनात ठरून गेलं होतं. माफी मागायची. चिठ्ठी लिहून नाही, रुतिकाला मधे घालून तर नाहीच. ज्या हातांनी पोराला चिडवलं त्याच हातांनी. फक्त माफी हातानं कशी मागतात तेवढं ठाऊक नव्हतं. पण नशीब बघा, त्याच आठवड्यात कुठलासा पुढारी काहीतरी बरळला होता आणि समोरचे त्याच्या माफीसाठी हटून बसले होते. रोज पहिली बातमी तीच. रोहिदास खूश झाला, म्हणाला आठ दिवस आहेत, रोज बघू, पाठ करू. आणि सोमवारी टीव्ही फुटला.

मंगळवारी सकाळी त्यानं धनेशला बोलावलं. धनेशचं नाक्यावर टीव्हीदुरुस्तीचं दुकान, वीस वर्षांचा अनुभव, तोंड त्याहून जुनं. धनेशनं टीव्ही लावला. चित्र आरशासारखं लख्ख! गच्चीवर जाऊन डिशची छत्री हलवून बघितली, खारी हवा लागून गंजलेला स्क्रू बदलला, खाली आला.

"काका, टीव्ही एकदम मस्त हाय. बिघडतो कदी?"

"संध्याकाली."

"कोनता चॅनल?"

आता काय सांगायचं? "कुस्ती," रोहिदास म्हणाला.

"कुस्ती तर दुपारी असते ना, काका?"

"तू तुजं काम कर ना! मोटा आला कुस्तीवाला!"

धनेश बिचारा निघून गेला. आणि संध्याकाळी साडेसहाला पुन्हा तेच. "पुढाऱ्यानं माफी मागावी," असं मधली बाई म्हणाली, कोपऱ्यात रुतिकाची मूठ वळली, हात छातीवरून वर निघाला, हनुवटीपाशी आला आणि तिथंच थिजला. चौकोन. चित्र परत आलं तेव्हा कुठल्यातरी धरणाचं पाणी सुटलेलं.

बुधवारी तेच. मूठ, छाती, हनुवटी, चौकोन. गुरुवारी तर हनुवटीपर्यंतही नाही, नुसती मूठ. रोहिदासचं डोकं चालेना. सकाळी टीव्ही ठीक. दुपारी ठीक. पाच वाजता लावून बघितला, ठीक. साडेसहाला, नेमकी लेक आली की फुटतो. बाकी कुणाचं काही बिघडत नाही. खाली कमळीची मालिका केबलवर छान चाललेली असते, सुना सासवांना छान छळत असतात. मग हे काय? कुणी करणी केली? की रुतिकालाच कळलं, बाप चोरून बघतो, आणि तिनंच तिकडून काहीतरी बटण दाबलं? छे, असं बटण असतं का? असेलही, हल्ली काय नसतं! आणि मग त्याला आठवलं. आण. आईची आण आहे ती. आपण तोंडाऐवजी हात बघून आईला फसवायला निघालो आणि आईनं हातच फोडून दाखवले. आता बोला!

शुक्रवारी तो साडेसहाला माडीवर गेला, पण टीव्ही लावायला हात धजेना. तेवढ्यात खालून कमळीची हाक आली, "अवो, वारा सुटला! गच्चीवरचा जवला झाका, उरून जाईल!"

रोहिदास उठला, आणि जिन्यातच थांबला. काल पण हिनं हाक मारली होती. परवा पण. रोज हात फुटले की जवळ्याची हाक. हात आधी फुटले, की हाक आधी? वारा! चाळीस वर्षं वाऱ्यावर पोट भरलं. भर उन्हात बसून वारा कधी फिरणार ते सांगायचो आणि सगळं गाव त्यावर होड्या काढायचं. आणि घरातला टीव्ही वाऱ्यावर चालतो हे आपल्याला पाच दिवस कळू नये? पण टीव्हीला वाऱ्याचं काय? काही कळेना.

गच्चीवर जाऊन त्यानं सुकत घातलेल्या जवळ्याच्या सुकटीवर ताडपत्री टाकली, कडेनं विटा ठेवल्या आणि छत्रीपाशी उकिडवा बसला. छत्री जिकडे बघते तिकडे त्यानं एक डोळा मिटून बघितलं. खाडीत असंच बघायचे, देवळाचा कळस आणि माडाचं टोक एका रेषेत आलं की समजायचं आपण खोल पाण्यात आलो. छत्रीच्या रेषेत काय आलं? शेजारच्या नव्या सात मजली सोसायटीचा माथा. आणि माथ्यावर तो पंखा.

पंखा सगळ्या गावानं पाहिला होता. गेल्या रविवारी सोसायटीवाल्यांनी हार घालून, नारळ फोडून बसवला. वाऱ्यावर फिरतो आणि जिन्यातले दिवे लावतो म्हणे. गावानं चेष्टाही केली होती, घरातला पंखा विजेवर चालवतात आणि गच्चीवरचा वीज बनवतो, मग सरळ एकमेकांना जोडून टाका म्हणावं! दिवसभर तो पंखा पलीकडे तोंड करून पेंगत असायचा. आता खाडीवरून पश्चिमेचा वारा सुटला, तशी त्याची शेपटी फिरली, तोंड खाडीकडे वळलं आणि तीन लांब पाती भराभर फिरायला लागली. बरोबर रेषेत.

रोहिदासनं धनेशला फोन लावला. पाच मिनिटांत धनेश धापा टाकत गच्चीवर. उकिडवा बसला, बघितलं, कपाळावर हात मारला. "काका, आयला! तुमची छत्री आभालातून सिग्नल घेते ना, ही पाती त्याच्या मधून जातात. दर वेलेला कापतात. मी सकाली यायचो, तेव्हा पंखा पलीकडं असायचा. मला घंटा दिसनार?"

"म्हंजे आईचा कोप नाय?"

"कोनाच्या आईचा?"

"काय नाय. जा तू."

रोहिदासला एकदम हलकं वाटलं. इतकं की विटेवर बसून तो एकटाच हसला. पण शुक्रवार तर गेला होता. हातात एक शनिवार उरला. छत्रीची जागा बदल म्हणावं तर धनेश म्हणाला, गच्चीभर टाक्याच टाक्या, दुसरीकडून दिशाच मिळत नाही, बांबू लावून उंच करावी लागेल, सोमवारी करू. सोमवार घेऊन काय करायचंय?

शनिवारी सकाळी तो सोसायटीत गेला. सेक्रेटरी अभिराम म्हणून तरुण माणूस होता, पंखा त्याच्याच डोक्यातून निघालेला. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकलं.

"काका, पण पंखा तर वीज तयार करतो. टीव्ही कसा बिघडवेल?"

"माजी छत्री वर बघते आनि तुमचा पंखा मधी हात घालतो. बास, एवढंच. साडेसहाला दहा मिनटं बंद ठेवा. आजच्या दिवस."

"ठेवतो की, ब्रेक आहे त्याला. पण असा कोणता कार्यक्रम आहे, काका? मॅच?"

रोहिदासनं तोंड उघडलं. कुस्ती म्हणणार होता. जीभ तिथपर्यंत आली आणि वळेना. "माजी लेक दिसते त्याच्यात," तो म्हणाला. तीन वर्षांत 'माझी लेक' हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाले, आणि निघाले ते एका परक्या माणसासमोर. त्याला भयंकर लाज वाटली. अभिरामनं पुढं काही विचारलं नाही. "मी स्वतः वर जाऊन ब्रेक लावतो," एवढंच म्हणाला.

साडेसहाला दोन मिनिटं कमी असताना अभिरामनं सोसायटीच्या गच्चीवरून हात हलवला. पंखा हळू झाला, हळू झाला, थांबला. रोहिदास टीव्हीसमोर येऊन बसला. पडद्यावर निळा रंग आणि अक्षरं: सिग्नल उपलब्ध नाही. चौकोनसुद्धा नाहीत! तो धावत गच्चीवर गेला, छत्रीपाशी बसला, डोळा मिटला. पंखा थांबला होता खरा, पण त्याचं एक पातं बरोबर छत्रीच्या रेषेत उभं राहिलं होतं. दरवाजात पाय रोवून उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं.

रोहिदासनं दोन्ही हात वर केले. होडीवरून करायचा तसाच, उजवा हात गोल फिरवला, म्हणजे थोडं फिरव. मग डावा आडवा कापला, म्हणजे तिथं थांबव. सारसोळ्यातला कुठलाही माणूस दोन मैलांवरून समजला असता. अभिराम सात मजले वरून बघत होता. त्याला वाटलं म्हातारा आभार मानतोय. त्यानंही हसून दोन्ही हात हलवले. रोहिदासनं परत खूण केली, जोरात. अभिरामनं अंगठा दाखवला. रोहिदास अक्षरशः नाचला. सोसायटीच्या गच्चीच्या कठड्याशी दोन पोरी येऊन उभ्या राहिल्या आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या.

त्या हसण्यानं रोहिदासचे हात हवेतच थांबले. हातांनी इतकं स्पष्ट बोलतोय, जीव तोडून बोलतोय, आणि समोरची माणसं हसतायत. शौनकला त्या दिवशी अंगणात असंच झालं असणार. नाही, याहून वाईट. इथं तर कुणी चेष्टा केली नव्हती. रोहिदासनं हात खाली घेतले. साडेसहाच्या बातम्या तिकडे निळ्या पडद्यामागे संपून गेल्या.

खाली कमळी भाकरी थापत होती. तिनं वर न बघता विचारलं, "दिसली का लेक?"

"तुला म्हाईत हाय?"

"पाच म्हयने झाले. साडेसहाला कोन जाली बघतो? आनि आनेचं टेन्शन घेऊ नका. उद्या जाताना आईच्या फोटोपुढं नारल फोडा, सांगा चुकला. आईनं कदी कोनाच्या लेकीचं तोंड लपवलं नाय."

रविवारी सकाळी नारळ फोडून, पांढरा सदरा घालून, नातीसाठी कपडे घेऊन रोहिदास कमळीबरोबर निघाला. शौनकचं घर नेरूळलाच, वीस मिनिटांच्या अंतरावर. इतकं जवळ, आणि वाटेत त्याला तीनदा वाटलं की परत फिरावं. हातात काय होतं? अर्धी माफी. मूठ, छाती, हनुवटी.

खोलीत पाट मांडलेला, न्हावी वस्तरा पुसत बसलेला, चारपाच पाहुणे. दारातच कमळीनं जाईला उचललं. रोहिदासनं नजर जमिनीवर ठेवली. नारळ फोडला तरी सवय जाते का? समोर दोन पाय येऊन थांबले, पुरुषाचे. रोहिदासनं वर बघितलं. शौनक. थोडा जाड झालेला, चष्मा लागलेला. तो हसला नाही, रागावलेलाही दिसला नाही. फक्त वाट बघत होता.

रोहिदासनं मूठ वळली. छातीवरून हात वर नेला. हनुवटीपाशी आणला.

आणि हात थांबला. पुढचं त्याला ठाऊकच नव्हतं. टीव्हीनं जिथं सोडला होता तिथंच तो थांबला, हनुवटीला टेकलेली मूठ. न्हाव्याचा वस्तराही थांबला. रोहिदासचे डोळे भरून आले. तो शौनककडे बघत राहिला, हात तसाच ठेवून, कारण खाली घेतला तर मागितलेली अर्धी माफीसुद्धा जाईल असं त्याला वाटलं.

शौनकनं त्या हाताकडे बघितलं. मग जवळ येऊन त्यानं रोहिदासचं मनगट धरलं. हळूच हनुवटीवरून वर नेलं, गालावरून पुढे, मूठ उघडली आणि त्याची दोन बोटं त्याच्याच कानाच्या पाळीवर ठेवली.

रोहिदास बघतच राहिला. कान! हे तर कान पकडणं! चौथीत मास्तरांच्या टेबलासमोर तो तासन् तास कान धरून उभा राहिला होता. सगळ्या गावात कान पकडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि त्यासाठी तो आठवडाभर छत्री, पंखा, आण आणि एकविरा आई करत बसला! त्यानं दुसरा हातही उचलला आणि दुसरा कान धरला, घट्ट, लहानपणी धरायचा तसा.

आता शौनकच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यानं रोहिदासचे दोन्ही हात कानांवरून काढून आपल्या हातात घेतले, सोडले, आणि मग हातांनी भराभर काहीतरी विचारलं. पाऊस नव्हता, आग नव्हती, रस्ता बंद नव्हता. रोहिदासला एक अक्षर कळेना. गोंधळून त्यानं मदतीसाठी मान वळवली, आणि त्याच्या लक्षात येण्याआधी तो रुतिकाच्या तोंडाकडे बघत होता. तीन वर्षांनी. पोरगी वाळली होती, नाक आजीसारखं झालं होतं, डोळ्यांतून पाणी गालांवर आलेलं आणि तरी ती हसत होती.

"काय म्हनतो गं तो?"

"बाबा, तो विचारतोय, जेवताना मीठ कसं मागायचं ते शिकवू का?"

रोहिदासनं मान हलवली आणि शौनकपुढं हात केला, शिकव म्हणून.